हिरव्या ठिपक्यांचं एकमत

मिरजेहून सकाळची एसटी पकडली. चालक तरुण होता, त्याचं लग्न ठरलं होतं आणि मुलगी पुण्याची होती, अशी माहिती कंडक्टरनं न विचारता दिली. त्यामुळं खंबाटकीच्या बोगद्यात आमच्या गाडीनं असा वेग घेतला की कंडक्टरनं घंटी मारली बोगद्याच्या तोंडाशी आणि ती आम्हाला ऐकू आली कात्रज उतरताना. माझ्या शेजारच्या गृहस्थांना शिरवळला उतरायचं होतं. ते स्वतः उतरले की वाऱ्यानं उतरवले, हे मला अजून कळलेलं नाही.

माझं बोलणं रुपयाला आठ आणे धरायचं, असा आपल्या वाचनालयाच्या कट्ट्यावर फार पूर्वी ठराव झालेला आहे आणि तो मीच मांडला होता. वाचनालयाच्या अंकातल्या या प्रवासवर्णनालाही तोच दर लागू राहील. कुठं सोळा आणे धरायचे असतील तर तसं मी सांगेन.

पुण्याला निघालो होतो अनंतासाठी. अनंता माझा शाळेतला मित्र. आपल्या गावात त्याला ओळखणारे अजून आहेत: मैदानात चेंडू हरवला की तो शोधायच्या आधी तो कुठं कुठं असू शकेल याची आकृती काढत बसणारा, तोच हा. पुढं तो पुण्याला जाऊन, डॉक्टरेट मिळवून मोठा अर्थशास्त्रज्ञ झाला आणि टेकडीच्या पायथ्याच्या एका संशोधन संस्थेत बसून साऱ्या जगाचा विकास इथून पुढं कसा होणार याचा विचार करू लागला. आमच्या गल्लीतल्या गटाराचा विकास कसा होणार हे इथं कोणाला सांगता येत नाही, आणि आमचा अनंता जगाचं बघतो, याचा मला अभिमान होता. गटार तुंबलं की जरा जास्तच.

त्याचा फोन आला होता. "परदेशातून पाहुणे येतायत. विश्रांतवाडीच्या पुढच्या एका गावात बैठक आहे. तू ये."

"मी येऊन काय करू? मला विकासातलं काय कळतं?"

"तुला काही कळायची गरज नाही. आम्ही गेलो की लोक गप्प होतात. तू बडबड्या आहेस. तू त्यांना हसव, मग आम्ही विचारू."

इतक्या स्वच्छ शब्दांत केलेला अपमान फक्त जुना मित्रच करू शकतो. म्हणून निघालो.

नारायण पेठेत अनंताचं घर तिसऱ्या मजल्यावर. गल्लीची रुंदी अशी की समोरच्या घरात फोडणी पडली की शिंक आपल्या घरात येते आणि "औषध घ्या" हा सल्ला तिसऱ्याच घरातून येतो. दार मालतीवहिनींनी उघडलं. पुण्यात दारातच कोणता प्रश्न विचारतात हे जगाला ठाऊक आहे. मी उत्तर पाठ करून गेलो होतो.

"जेवून आलात का, असं मी विचारणार नाही," वहिनी म्हणाल्या. "ती थट्टा ऐकून आम्ही कंटाळलो. हात धुवा, पानं घेतलीत."

पानात अळूचं फदफदं (अळूच्या पानांची, दाणे आणि खोबऱ्याचे काप घातलेली पातळ भाजी), वरणभात आणि वर तुपाची धार. ती धार एवढी मोठी होती की मी दोनदा वहिनींच्या तोंडाकडं पाहिलं. पुण्याबद्दल आपण जे ऐकतो त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं वहिनींच्या शेजारणीला लागू पडतं, असं वहिनींनीच सांगितलं.

जेवणानंतर सुपारी कातरत मी विचारलं, "मग, तुझं जग कुठवर आलंय?"

"पूर्वी सोपं होतं," अनंता म्हणाला. "काही देश पुढं, बाकीचे मागं. पुढच्यांनी मागच्यांना सांगायचं, धरणं बांधा, विहिरी खणा, मुलं कमी होऊ द्या. पैसे द्यायचे आणि अहवाल मागायचे. आता पुढच्यांनाच पुढं काय आहे ते दिसेनासं झालंय. पाऊस त्यांचाही बिघडला, कारखाने त्यांचेही गेले. म्हणून आता पद्धत बदलली. सांगायचं नाही, विचारायचं. तीस वर्षांनी तुमचं गाव कसं असावं ते तुम्हीच नकाशावर दाखवा. लोक दाखवतील तेच धोरण."

"हे तर चांगलंच झालं की."

"चांगलंच आहे. म्हणूनच मला भीती वाटते."

"यांना भीती वाटायला वाईट काही लागत नाही," वहिनी आतून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या जीपमधून निघालो. पाहुण्यांचं नाव योहान, गाव उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ देशात. उंची अशी की आमची जीप सिग्नलला उभी असताना त्यांचे गुडघे पुढच्या चौकात पोचलेले असायचे. माणूस मात्र सालस. "बरं का" हे दोन शब्द त्यांनी आवडीनं शिकून घेतले होते आणि ते भलत्या जागी वापरायचे. बाकी सगळं इंग्रजीत बोलायचे; ते मी इथं मराठीत लिहितो, कारण मूळ इंग्रजी याहून बरं नव्हतं.

येरवड्याला तुरुंगाची भिंत लागली. योहानरावांनी ती काय आहे ते विचारलं आणि उत्तर ऐकून मान वळवून ती संपेपर्यंत पाहत राहिले. पुढं विश्रांतवाडी आली. नावाचा अर्थ त्यांनी विचारला तेव्हा चौकात चारी बाजूंनी भोंगे वाजत होते, बसमागं रिक्षा आणि रिक्षामागं टँकर अडकला होता. मी सांगितलं, "फार पूर्वी इथं एक सैन्य दमून झोपलं. ते अजून उठलेलं नाही, म्हणून वाहतूक अशी तुंबते."

योहानरावांनी ते लिहून घेतलं.

"अहो, हा थापा मारतो," अनंता म्हणाला.

"असू दे," योहानराव म्हणाले. "लोक जे सांगतात ते आपण लिहायचं. खरं काय ते आपण ठरवायला लागलो की पुन्हा जुनी पद्धत आली, बरं का."

तेव्हा मी हसलो. अनंता हसला नाही.

गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तिथली माणसं मिरजेपर्यंत येतील, आणि आली तर जेवल्याशिवाय जाणार नाहीत. गाव शहरात घेतल्याला बरीच वर्षं झालेली. भोवती उंच इमारती, आणि मध्ये जुनं गाव तसंच, भैरवनाथाचं देऊळ, तालीम, म्हशींचे दोन गोठे. वेशीच्या खांबावर "सहर्ष स्वागत" अशी पाटी, तिच्या खाली दुसरी, "ही जागा कोणी विकत घेऊ नये, वाद कोर्टात आहे."

देवळाकडं वळताना चालकानं जीप मागं घेतली आणि खळ्ळकन आवाज झाला. रस्त्याकडेला एक रोपवाटिका होती. तिच्या कुंड्यांच्या रांगेवर आमचं मागचं चाक चढलं होतं. आतून एक बाई आल्या. पदर खोचलेला, हात मातीनं भरलेले. अनंता खाली उतरून माफी मागायला लागला.

"फुटल्या त्या फुटल्या," बाई म्हणाल्या. "आता पुढं जाताना दुसऱ्या रांगंवरनं नेऊ नका म्हंजे झालं." मग योहानरावांकडं खालपासून वरपर्यंत पाहत, म्हणजे बराच वेळ पाहत, विचारलं, "हे कोण? बिल्डर?"

"नाही हो. अभ्यास करायला आलेत."

"बिल्डरबी आधी अभ्यासच करतो."

त्या शेवंताबाई. नवरा जाऊन काही वर्षं झालेली. ही लांबट पट्टी नवऱ्याच्या वाटणीची. तिच्यावर त्यांनी जांभूळ, चाफा, कडुनिंब लावले होते आणि मधल्या सावलीत रोपं करून विकायच्या. राहायच्या दिराच्या घरात. चाकाखालून कुंड्या सोडवेपर्यंत त्यांनी आम्हाला बाग फिरवून दाखवली. कोपऱ्यात दगडी जोतं (घराचा पाया वर आणून केलेला चौथरा) बांधून तयार होतं.

"हे माझं घर," त्या म्हणाल्या. "म्हंजे खालचं झालंय, वरचं राहिलंय. दोन खोल्या. लग्न झाल्यापासनं दुसऱ्याच्या चुलीवर माझा तवा हाय. जाऊ वाईट न्हाई हो, पण तवा उतरवताना तिच्या तोंडाकडं बघावं लागतं. नकाशा मंजुरीला दिलाय. आला की भिंती."

"झाडं काढावी लागतील?" अनंतानं विचारलं.

"कशापायी? घर कोपऱ्यात, झाडं बाकीच्या जागंत. दोघांना पुरंल एवढी हाय जागा."

बैठक देवळाच्या सभामंडपात. मी माझं काम चोख केलं. मिरजेच्या तंतुवाद्यांबद्दल सांगितलं. एका सतारीला भोपळा एवढा मोठा लावला की वाजवणाऱ्याच्या कुटुंबानं पावसाळा त्यातच काढला, वगैरे. मंडळी हसली. माजी सरपंच बबनराव (ग्रामपंचायत गेली, पण सगळे अजून सरपंचच म्हणतात) हसता हसता खांबाला टेकले. मग अनंतानं जमिनीवर गावाचा मोठा नकाशा पसरला. प्रत्येकाची जमीन त्यात वेगळी दिसत होती. प्रत्येकाच्या हातात एकेक हिरवा गोल कागदी ठिपका दिला, मागं डिंक लावलेला.

"तीस वर्षांनी गावात मोकळी, हिरवी जागा कुठं राहिलेली तुम्हाला आवडेल," अनंता म्हणाला, "तिथं ठिपका लावायचा."

हसू एकदम बंद झालं. कोणी जागचं हललं नाही. योहानरावांना वाटलं, लोक लाजताहेत. मी शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारलं, काय झालं.

"पावणं, तुम्हाला ठावं न्हाई," ते नकाशाकडं पाहतच म्हणाले. "शहराचा आराखडा व्हायचाय. त्यात ज्याच्या जमिनीवर हिरवा रंग पडतो त्याचं संपलं. बागेचं आरक्षण. बांधता येत न्हाई, कोणी इकत घेत न्हाई, आन् बाग तर कवा व्हतच न्हाई. आमच्या चुलत्याच्या जमिनीवर मागल्या आराखड्यात पडलंय. अजून उठतंय का बघतोय."

तेवढ्यात बबनराव मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टर, हे आराखड्यासाठी न्हवं ना?"

"नाही. फक्त अभ्यास आहे."

"अभ्यासच हाय तर पयला ठिपका तुम्हीच लावा की. तुमच्या जमिनीवर."

"माझी जमीन इथं नाही."

"म्हणूनच इचारताय," बबनराव म्हणाले, आणि मंडळी पुन्हा हसली, पण आता वेगळी.

तेव्हा मागून शेवंताबाई उठल्या. नकाशाशी बसून त्यांनी बोटानं देऊळ शोधलं, रस्ता शोधला, मग आपली पट्टी शोधली.

"तीस वर्षांनी काय असावं, असंच इचारताय न्हवं?"

"हो."

"मग माझी झाडं असावीत." त्यांनी ठिपका आपल्या जमिनीवर लावला, वरून अंगठ्यानं दाबला आणि जागेवर जाऊन बसल्या.

आता इथून पुढं सोळा आणे धरा.

सभामंडपात एक सुस्कारा ऐकू आला. एकट्याचा नव्हे, सगळ्यांचा मिळून. मग बबनराव उठले आणि त्यांनी आपला ठिपका शेवंताबाईंच्या ठिपक्याशेजारी लावला. मग त्यांचे भाऊ. मग शेवंताबाईंचे दीर, मान खाली घालून. मग रांगच लागली. ज्यांची कोर्टात एकमेकांशी भांडणं होती तेही एकामागं एक आले आणि शिस्तीत त्याच पट्टीवर ठिपका लावून गेले. जागा संपली तेव्हा ठिपक्यावर ठिपका लावला. दुसऱ्या कोणाच्या जमिनीवर एकही नाही. मालकिणीनं स्वतःच दार उघडल्यावर आत जाण्यात पाप कसलं, असा सगळ्यांचा चेहरा होता. शेवंताबाई पाहत होत्या. पहिल्या काही ठिपक्यांना त्या हसल्या. गावाला आपली झाडं आवडतात, असं त्यांना वाटलं असावं. मग हसायच्या थांबल्या.

योहानरावांचे डोळे भरून आले होते. "मी कितीतरी देशांत ही बैठक घेतली," ते म्हणाले. "असं एकमत कुठंही पाहिलं नाही."

जेवण बबनरावांकडं. बाजरीची भाकरी आणि मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळलेल्या वड्या, झणझणीत रश्श्यात). योहानराव मासे खात नसत. त्यांनी विचारलं, "यात मासा आहे का?"

"नावात हाय," बबनराव म्हणाले. "आत बघाल तर नुसतं बेसन."

रस्सा असा की पहिल्या घासाला माझ्या कानांतून निघालेल्या वाफेवर यजमानांनी पापड भाजून घेतला. (पुन्हा आठ आणे.) पण अनंता जेवत नव्हता. तो म्हणाला, "सरपंच, तुम्ही सगळ्यांनी तिथंच का लावला?"

"झाडं चांगली हायेत की."

"खरं सांगा."

"डॉक्टर, मी काय बोललो का? मी तर भाकरी वाढतोय." त्यांनी भाकरी वाढली आणि मग आवाज खाली आणला. "शेवंतावहिनी भोळी न्हाई. पण तुम्ही शिकलेल्यांनी इचारलं, तर तिला वाटलं खरंच इचारताय. आमाला तसं वाटायची सवय ऱ्हायली न्हाई. त्यात आमचा काय दोष?"

परतताना जीपमध्ये अनंता आणि योहानरावांची जुंपली. अनंताचं म्हणणं, हा नकाशा रद्द करायचा, हे एकमत नसून भीती आहे. योहानरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना पटत होतं, हे दिसत होतं. पण ते म्हणाले, "अनंत, लोक काय म्हणाले ते नोंदवणं आपलं काम. ते का म्हणाले हे आपण सांगायला लागलो, की त्यांचा आवाज आपण पुन्हा काढून घेतला. तू तळटीप लिही. मी ती छापतो. शब्द देतो."

येरवड्याची भिंत पुन्हा आली तेव्हा अनंता म्हणाला, "बरं. तळटीप."

दुसऱ्या दिवशी संस्थेत नकाशा भिंतीवर लावला होता. ठिपक्यांचा थर एवढा जाड झाला होता की त्या जागी नकाशाला पोट सुटल्यासारखं दिसत होतं. बरीच मोठी माणसं आली. त्यांत आराखड्याच्या कचेरीतले एक साहेब होते. कोणती कचेरी ते विचारू नका. ते नकाशापुढं उभे राहिले, चष्मा वर केला, खाली केला.

"हे फार उत्तम झालं," ते म्हणाले. "एरवी बागेची जागा दाखवली की हरकतींचा पाऊस पडतो. इथं लोकांचीच मागणी दिसते."

"साहेब, खाली तळटीप आहे," अनंता म्हणाला.

"हो हो, वाचतो की," साहेब म्हणाले आणि त्यांनी मोबाइलवर नकाशाचा फोटो काढला. फोटोत ठिपके नीट यावेत म्हणून ते दोन पावलं पुढं सरकले. तळटीप चौकटीबाहेर राहिली.

मी मिरजेला परतलो. कट्ट्यावर ठिपक्यांची गोष्ट सांगितली आणि ती तुफान चालली. ठिपक्यांचा ढीग पुढं पुढं पर्वतीएवढा झाला. परगावचे लोकही ती ऐकायला यायचे.

पुढच्या वर्षी पुन्हा अनंताचा फोन. या वेळी अपमान नव्हता, म्हणून मला काळजी वाटली. "आराखडा आला," तो म्हणाला. "शेवंताबाईंच्या जागेवर बाग आहे. हरकत घेतलीय, सुनावणी आहे. मी बोलणार आहे. तू नुसता बस बरोबर."

या खेपेच्या एसटीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ती वेळेवर निघाली आणि वेळेवर पोचली.

कचेरीत मळक्या सतरंजीच्या रंगाच्या भिंती आणि थंडगार बाक. शेवंताबाई धुतलेलं लुगडं नेसून, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दीर बरोबर आले होते. बोलत नव्हते, पण आले होते. साहेब तेच. अनंतानं सगळं सांगितलं, ठिपके कसे लागले, का लागले. योहानरावांनी लेखी कळवलेलंही त्यानं वाचून दाखवलं, की तो नकाशा केवळ अभ्यासासाठी होता.

"अभ्यास करूनच आराखडा करतात ना, डॉक्टर?" साहेब म्हणाले. ते टोचून बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मग शेवंताबाई उभ्या राहिल्या. "साहेब, माझं जोतं तयार हाय. दोन खोल्या बांधू द्या. बाकी झाडंच ऱ्हातील, मी लिहून देते."

साहेबांनी समोरचा छापील नकाशा त्यांच्याकडं फिरवला. "बाई, लोकांनी मागणी केली नसती तर माझा प्रश्नच नव्हता. पण हे बघा, बाकीच्यांचं सोडा. पहिला ठिपका तुमचाच आहे, असं तुमचे डॉक्टरच आत्ता म्हणाले."

अनंतानं तेच सांगितलं होतं. बाई प्रामाणिक होत्या हे पटवून देण्यासाठी त्यानं तेच सर्वांत आधी सांगितलं होतं.

आरक्षण कायम राहिलं.

आम्ही तिघं रिक्षानं गावाकडं गेलो. दीर बसनं येतो म्हणाले. विश्रांतवाडीच्या चौकात ते सैन्य अजून झोपलेलंच होतं. बागेत सावली पडली होती. जांभूळ वाढलं होतं. जोत्यावर शेवंताबाईंनी कुंड्या मांडल्या होत्या, ओळीत, जिथं भिंती यायच्या तिथं भिंतींसारख्या. दाराच्या जागी फट सोडली होती. त्या फटीतून त्या आत गेल्या आणि आमच्यासाठी दोन गोण्या अंथरल्या.

"बसा. घरच हाय."

अनंता उभाच राहिला. "शेवंताबाई, माझं चुकलं. मी तेव्हाच तो नकाशा फाडायला हवा होता. मी तळटीप लिहिली."

"म्हंजे काय लिहिलंत?"

"खाली, बारीक अक्षरात, की हे खरं नाही म्हणून."

"बारीक कशापायी?"

शेवंताबाईंनी एका कुंडीतलं वाळलेलं पान काढलं.

"तुमच्यावर राग न्हाई," त्या म्हणाल्या. "मी मागितलं तेच दिलं की त्यांनी. झाडं ऱ्हातील. कोणी तोडणार न्हाई, कोणी बांधणार न्हाई. फकस्त मला वगळून दिलं."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पुन्हा कुठं इचारायला जाणार हाय का तुमचे ते लांब पावणे?"

"जातील," अनंता म्हणाला. "दुसऱ्या देशांत."

"तिथल्या बायांना सांगा म्हणावं, की आधी बाकीच्यांना लावू द्या."

संध्याकाळ व्हायच्या आत त्या उठल्या. दिराच्या घरी चूल पेटायची वेळ झाली होती, आणि तवा आपल्या हातानं चढवलेला बरा, असं म्हणाल्या.

रिक्षात अनंता म्हणाला, "पूर्वी सांगून करायचे, तेव्हा निदान भांडता यायचं. आता विचारून करतात. भांडायचं कोणाशी?"

मी म्हटलं, "तू हे मोठ्या अक्षरात लिही." तो हो म्हणाला. लिहिलं का, ते मी नंतर विचारलं नाही. मालतीवहिनींनी त्या दिवशीही वाढलं, तुपाची धार तेवढीच होती. अनंताच्या पानात ती भातावर तशीच थिजली.

मिरजेला उतरलो तेव्हा कट्ट्यावर मंडळी वाटच पाहत होती. कोणीतरी नवे पाहुणे आले होते. "ती ठिपक्यांची सांगा," असा आग्रह झाला. मी सांगितली. योहानरावांचे गुडघे, झोपलेलं सैन्य, कानातल्या वाफेवरचा पापड, कोर्टात भांडणारे भाऊ एका रांगेत. ठिपके लागले, लोक हसून हसून वाकले, आणि एकानं डोळे पुसत विचारलं, "मग पुढं काय झालं हो?"

मी म्हटलं, पुढं काय, चहा मागवा.

जोत्यावरच्या कुंड्या मला कट्ट्यावर अजून सांगता आलेल्या नाहीत. समोर हसणारी तोंडं असली की माझी जीभ ठिपक्यांपाशीच थांबते. कागदापुढं कोणी हसत बसलेलं नसतं, म्हणून इथं लिहिल्या. आणि संपादकांना विनंती केली आहे, की हा भाग बारीक अक्षरात छापू नका.